चहाच्या डब्यातला आसाम

आई चहाच्या डब्याचं झाकण उघडायची आणि स्वयंपाकघरभर तो वास पसरायचा. गडद, कोरडा, भिजून वाळलेल्या लाकडासारखा. 'आसामची पावडर आहे हो,' असं वाणी पुडी बांधताना म्हणायचा. आसाम कुठे आहे, तिथे कोण राहतं, हे कशाला कुणी विचारतंय! आमच्यापुरता आसाम त्या डब्यात होता.

रीता चौधरींची 'माकाम' ही २०१० सालची असमिया कादंबरी अनुवादातून वाचत होते, आणि मळ्यांची पानं उलटता उलटता तो वास असा काही दाटून आला, की पुस्तक मांडीवर उपडं घालून नुसती बसून राहिले. चहा पिकवायला इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात चिनी माणसं आसामात आणली. त्यांची मुलंनातवंडं तिथलीच झाली, असमिया बोलू लागली, असमिया घरांत सुना म्हणून नांदू लागली. कादंबरीतली मेइ लिन अशीच एक. पुढे १९६२चा नोव्हेंबर आला, चीनशी युद्ध पेटलेलं. पोलिसांनी आसामातल्या माकूम गावातली घरंच्या घरं रिकामी केली, माणसं आगगाडीत भरली आणि पार राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन ठेवली. देशभरातून अशी सुमारे तीन हजार. कित्येकांना पुढे मद्रासहून बोटीत बसवून चीनला धाडलं, जो त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

कादंबरी मधूनमधून इतिहासाच्या ओझ्याने वाकते, हे खरं. पण वाकली तरी तिची माणसं हात सोडत नाहीत.

त्याच देवळीत इंग्रजांनी आपल्या कॉम्रेड डांग्यांना डांबलं होतं. ते आपल्याला ठाऊक असतं, अभिमानाने ठाऊक असतं.

आणि तो नोव्हेंबर! यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री व्हायला दिल्लीला निघाले होते, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला म्हणून सगळ्यांचा ऊर भरून आला होता. आई जवानांसाठी स्वेटर विणत होती. खाकी लोकरीचा गुंडा घरभर घरंगळायचा, मी त्याच्यामागे धावायची, आणि कपातला चहा निवून जायचा तरी तिच्या सुया थांबायच्या नाहीत. त्याच दिवसांत कुठूनशी ती गाडी चालली होती.

आई असती तर तिला हे सगळं वाचून दाखवलं असतं. ती राजकारणातलं काही बोलली नसती. सुया खाली ठेवून एवढंच विचारलं असतं तिने, ''आणि थंडीचं काय गं होतं त्या पोरांच्या अंगावर?''