तंबूतला चंद्र

अंतराळाच्या इतिहासात २७ जानेवारी १९६७ या दिवसाची नोंद दोन कारणांनी झाली आहे. त्या दिवशी लंडन, मॉस्को आणि वॉशिंग्टन येथे एक आंतरराष्ट्रीय करार स्वाक्षरीसाठी ठेवण्यात आला. चंद्रावर किंवा कोणत्याही ग्रहावर कुठल्याही राष्ट्राला मालकी सांगता येणार नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. त्याच सायंकाळी अमेरिकेत अपोलो यानाच्या चाचणीच्या वेळी आग लागली आणि तीन अंतराळवीर जागच्या जागी मृत्युमुखी पडले. मानवाचे पाऊल चंद्राला लागायला अजून अडीच वर्षांचा अवकाश होता. आणि त्याच वर्षी आपल्या देशात एक हिंदी चित्रपट पडद्यावर आला. त्याचे नाव 'चाँद पर चढाई'! करार काहीही म्हणो, आमच्या पहिलवानाने चंद्रावर चाल करून जाण्याचे जाहीरच करून टाकले.

टी. पी. सुंदरम यांनी दिग्दर्शित केलेला हा कृष्णधवल चित्रपट. नायक कॅप्टन आनंद म्हणजे दारासिंग आणि त्याचा सोबती भागू म्हणजे आपले भगवानदादा. पद्मा खन्ना, हेलन, अन्वर हुसेन हीही मंडळी त्यात आहेत. संगीत उषा खन्ना यांचे. त्या काळी संगीतदिग्दर्शनाच्या क्षेत्रात स्त्रिया जवळजवळ नव्हत्याच, म्हणून हा उल्लेख मुद्दाम करतो. कथा दोन वाक्यांत संपणारी आहे. आनंद आणि भागू रॉकेटमधून चंद्रावर उतरतात, तिथल्या लोकांच्या हाती सापडतात, आणि मग परग्रहावरच्या बलाढ्य योद्ध्यांशी झुंज देत कॅप्टन आनंद आपला मार्ग मोकळा करतो. चंद्रावर हवा नाही आणि गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सहाव्या हिश्श्याइतके आहे, ही माहिती तेव्हाही शाळेच्या पुस्तकांत होती. चित्रपटाने तिच्याकडे सरळ पाठ फिरवली आहे. इथे चंद्रावर गाणी होतात, प्रेम होते, आणि कुस्ती तर होतेच होते.

या चित्रपटाची गाठ पडली ती चांद्रयानामुळे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाच्या परिसरात सुखरूप उतरले. पुढच्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर आवारात तरुणांची त्याविषयी उत्साहाने चर्चा चालली होती. जवळच्या कट्ट्यावर आमच्या धर्मग्रामातले एक वयोवृद्ध गृहस्थ बसले होते. मूळचे ते गंगापूर तालुक्यातल्या एका खेड्यातले. ते शांतपणे म्हणाले, "फादर, आमी तर ह्याच्या लई आधी जाऊन आलो चंद्रावर. बहात्तर साली." मुले हसली. त्यांचा स्वतःचा नातूही हसला, आणि थोडा लाजलाही.

मराठवाड्यातल्या वाचकांना १९७२ हे साल समजावून सांगण्याची गरज नाही. विहिरी आटल्या, जनावरे कवडीमोलाने गेली, घरेच्या घरे दुष्काळी कामावर खडी फोडायला बसली. आमच्या घरांतल्या वडीलधाऱ्या मंडळींच्या तोंडी मिलो आणि सुकडी हे शब्द अजून येतात, ते त्या वर्षाचे. हे गृहस्थ तेव्हा सतरा वर्षांचे होते. जवळच्या बाजारगावी तंबू टॉकीज आले होते. भोंग्यावरून दारासिंगचे नाव ऐकले आणि चार-पाच पोरांनी मजुरीतले पैसे वाचवून तिकिटे काढली. "दिवसभर खडी फोडायची अन् रात्री तंबूत जायचं. तिथं चंद्रावर बी खडकच व्हता, पर फोडाया कुनी लावत नव्हतं," असे ते म्हणाले. यावर मात्र कोणी हसले नाही.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. त्यांच्या गावात पाणवठ्याची बाजूसुद्धा ठरलेली असे. कोणी कुठे घागर भरायची, हे बाप्तिस्मा होऊनही बदलले नव्हते. तंबूत मात्र स्वस्त तिकिटाचे सारे जमिनीवर मांडी घालून बसत, आणि कनात पडून अंधार झाला की शेजारचा कोण, हे कोणी विचारीत नसे. दारासिंगने परग्रहावरच्या मल्लाला उचलून आपटला की सगळा तंबू एका आवाजात ओरडे.

एका तरुणाने आपल्या संगणकावर तो चित्रपट शोधून काढला. झिजलेल्या प्रतीवरून केव्हातरी उतरवून घेतलेला होता. आम्ही तो सभागृहाच्या भिंतीवर दाखवला. दीडशेवर माणसे जमली होती. चित्रपट संथ आहे, मधली अर्धी गाणी गाळली असती तर बरे झाले असते, असे माझे प्रांजळ मत. पण त्यात एक निर्भेळ आनंद आहे. हा नायक चंद्रावर भाषण करीत नाही, झेंडा रोवण्याची घाई करीत नाही. गावच्या आखाड्यात जे शिकला, तेच घेऊन तो आकाशात गेला आहे. 'सॅमसन' नावाच्या चित्रपटातही (१९६४) दारासिंगच नायक होता. आपल्या शमशोनाचे नाव धारण करायला त्या काळी त्याच्याइतका योग्य दुसरा कोण सापडला असता?

विज्ञानकथेला आपल्या पडद्यावर अशी वाट कुठून मिळाली? दादासाहेब फाळके यांना चित्रपटाचा ध्यास लागला तो गिरगावच्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये ख्रिस्तजीवनावरील चित्रपट पाहून, हे आपल्या बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. त्यांनीही पडद्यावर चमत्कारच आणले. 'कालिया मर्दन' (१९१९) मध्ये त्यांची कन्या मंदाकिनी बाळकृष्ण झाली होती. पुढे १९३७ साली विजय भट्ट यांच्या 'ख्वाब की दुनिया' मध्ये एच. जी. वेल्स यांचा अदृश्य मानव हिंदीत अवतरला. त्यातल्या वस्तू आपोआप हलताना दिसत, कारण बाबूभाई मिस्त्री त्या काळ्या पडद्यापुढे काळ्या दोऱ्याने हलवीत. त्यांना 'काला धागा' हे टोपणनावच पडले. यंत्रे नव्हती, पैसा नव्हता, दोरा होता. 'चाँद पर चढाई' त्याच घराण्यातला आहे.

याच १९६७ साली सत्यजित राय 'द एलियन' या परग्रहवासीयाच्या चित्रपटाची संहिता घेऊन हॉलिवूडला गेले होते. तो चित्रपट कधीच निघाला नाही, पण त्याच्याविषयी आजही आदराने लिहिले जाते. राय थोर होतेच. तथापि न निघालेल्या चित्रपटाला इतिहासात पान मिळावे आणि निघालेल्याला, हजारो श्रमिकांनी पैसे मोजून पाहिलेल्याला, तळटीपही मिळू नये, हा न्याय मला विचित्र वाटतो. आणखी एक योगायोग पाहा. १९६७ च्या नोव्हेंबरात थुंबा येथून भारतीय बनावटीचे पहिले रॉकेट उडाले. त्याचा व्यास होता अवघा ७५ मिलिमीटर! थुंब्याची ती भूमी म्हणजे संत मरिया माग्दालेना यांच्या चर्चचा परिसर. बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी आपल्या लोकांना विचारून ती वास्तू शास्त्रज्ञांच्या स्वाधीन केली होती. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तेथून सुटलेले पहिले रॉकेट अमेरिकन होते. म्हणजे देशाचे खरे रॉकेट मनगटाएवढ्या जाडीचे होते, तेव्हा आमचे दारासिंग आणि भगवानदादा चंद्रावर पोहोचलेही होते.

भगवानदादांचे वाईट वाटते. १९१३ साली अमरावतीत जन्मलेला हा गिरणी कामगाराचा मुलगा. स्वस्तातले मारधाडपट काढत तो वर आला. 'अलबेला'ने (१९५१) त्याला कीर्तीच्या शिखरावर नेले. त्याचे संगीतकार सी. रामचंद्र आपल्या शेजारच्या पुणतांब्याचे, आणि त्यांच्या वाद्यवृंदातले चिक चॉकलेट हे गोव्याचे कॅथलिक वादक. पुढे जुहूचा बंगला गेला, मोटारी गेल्या. मी आज आहे साधारण त्याच वयात ते 'भागू' होऊन चंद्रावर निघाले, मिळेल ती भूमिका करीत. २००२ साली ते वारले, तेव्हा दादरच्या चाळीत राहत होते. १९०२ साली चंद्रप्रवासाचा जगप्रसिद्ध मूकपट काढणारा फ्रान्सचा जॉर्ज मेलिएस हाही उतारवयात पॅरिसच्या एका रेल्वेस्थानकावर खेळणी विकीत बसे. पण मेलिएसच्या त्या चित्रपटाची हाताने रंगवलेली प्रत १९९३ मध्ये बार्सिलोनात सापडली, तिची फ्रेम न् फ्रेम दुरुस्त करण्यात आली आणि २०११ मध्ये ती कान महोत्सवात दाखवली गेली.

आपल्याकडे 'आलम आरा'ची (१९३१) एकही प्रत उरलेली नाही. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी आयुष्य वेचून जे वाचवले, ते वाचले. आपल्या शहरात अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. त्यात एखादी दुपार अशा तंबूपटांसाठी राखावी, असे सुचवावेसे वाटते.

सभागृहातल्या त्या खेळानंतर नातवाने आजोबांना विचारले, "तंबू कुठं लागायचा?" ते दोघे बराच वेळ बोलत बसले होते. त्यानंतर आम्ही धर्मग्रामाच्या कार्यालयात एक वही ठेवली आहे. ज्यांनी तंबूत चित्रपट पाहिले, त्यांनी गाव, साल, चित्रपटाचे नाव आणि आठवेल ते त्यात लिहावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे तरुण लिहून घेतात. आतापर्यंत एकेचाळीस नोंदी झाल्या आहेत. त्यांपैकी नऊ दारासिंगच्या आहेत.