तारा: दोन कुळांचे एक नाव

उच्चाराने सारखी, पण उगमाने परस्परांशी संबंध नसलेली नावे समध्वनी नावे म्हणून ओळखता येतील. कॅनडातील मराठी घरांत सहज रुळणारी तारा, नील, शीला आणि किरण ही नावे या वर्गातली असून त्यांचे दुसरे कूळ आयर्लंडचे आहे. १८४७ च्या दुष्काळात सुमारे ३८,००० आयरिश निर्वासित टोरोंटोच्या धक्क्यावर उतरले, तेव्हा त्या शहराची वस्ती जेमतेम २०,००० होती. पुढे १९६७ मध्ये कॅनडाने वंश न पाहता शिक्षण व कौशल्य यांना गुण देणारी स्थलांतर-पद्धत स्वीकारल्यावर भारतीयांचा ओघ वाढला, आणि दोन समाजांची नावे एकाच हजेरीपटावर आली.

आयरिश टारा हे मीथ परगण्यातील, प्राचीन राजांचे पीठ मानल्या गेलेल्या टेकडीचे नाव आहे, आकाशातल्या ताऱ्याचे नव्हे. शीला हे लॅटिन सेसिलियाचे आयरिश रूप असून त्याच्या मुळाशी ‘अंध’ असा अर्थ आहे, त्याचा संस्कृत ‘शील’ या शब्दाशी संबंध नाही. आणि कीरन हे ‘काळा’ या अर्थाच्या शब्दापासून झालेले असल्यामुळे ते प्रकाशाच्या किरणाच्या अगदी उलट टोकाला बसते. उलटपक्षी, कानाला परकी वाटणारी स्टेला ही मात्र संस्कृत ताराची खरी भावकी आहे, कारण दोन्ही शब्द एकाच इंडो-युरोपीय धातूकडे जातात. सारखेपणा हा नात्याचा पुरावा नसतो, हे यातून दिसते.

बारशाला असे नाव निवडण्यामागे नुसती हौस नसते. टोरोंटोत सुमारे ६,००० बनावट अर्ज पाठवून केलेल्या अभ्यासात अर्थतज्ज्ञ फिलिप ओरिओपोलस यांना २००९ मध्ये असे आढळले, की शिक्षण आणि अनुभव कॅनडातलाच असूनही इंग्रजी नावाच्या उमेदवारांना १६ टक्के, तर भारतीय, पाकिस्तानी वा चिनी नावाच्या उमेदवारांना ११ टक्के वेळा मुलाखतीचे बोलावणे आले. दोन्हीकडे खपणारे नाव पाळण्यात सुचते, ते पुढच्या अर्जाचा विचार करून.

मात्र ही सोय निवड आखडून टाकते. ळ, ण, ज्ञ आणि महाप्राण म्हणजे घ, ध, भ यांसारखे जोरकस श्वासाचे वर्ण इंग्रजी जिभेला जड जात असल्याने मृणाल, ज्ञानदा, धनश्री ही नावे आधीच गळतात. उरलेल्या तारालाही शाळेत दंत्य त ऐवजी ट मिळतो. घरी तारा आणि बाहेर टारा अशा दोन हाकांना ओ देत ती मोठी होते. म्हणून अशा नावाचे मराठीपण नोंदणीच्या दाखल्यावर नसते, घरच्यांच्या उच्चारात असते. आणि तो उच्चार पुढच्या पिढीला मिळाला नाही, तर दाखल्यावरचे एकही अक्षर न बदलता ते नाव आयरिश होऊन जाते.