दफ्तर, रुमाल आणि मेनू

दफ्तराचे दोन धनी असतात. एक कागद ठेवणारा, दुसरा तो शोधणारा. ठेवणारा आपल्या सोयीने ठेवतो आणि शोधणारा आपल्या गरजेने शोधतो. या दोघांची गाठ पडली नाही, तर कागद जागेवर असूनही नसल्यासारखाच. महसूल खात्यातील दीर्घ नोकरीत, कारकुनापासून नायब मामलतदारापर्यंतच्या प्रवासात, मी हे तत्त्व बारनिशीच्या टेबलावर आणि रेकर्ड रूमच्या धुळीत शिकलो. निवृत्तीनंतर ते पुन्हा उपयोगी पडेल, आणि तेही संगणकाच्या पडद्यावर, असे मात्र कधी वाटले नव्हते.

दफ्तराशी आपल्या घराण्यांचे नाते जुने आहे. गायकवाडी अंमलात जी दक्षिणी कुटुंबे या मुलखात स्थिरावली, त्यांतील कित्येकांच्या हाती तलवारीपेक्षा लेखणीच अधिक काळ राहिली. नवसारी प्रांतातील पलसाणा, कामरेज, व्यारा, सोनगड या ठिकाणी आपले पूर्वज फडणीशीत, खजिन्यात, मामलतदार कचेरीत बसले. त्यांच्या हातचे मोडी कागद कापडात बांधले जात. त्या गाठोड्याला ‘रुमाल’ म्हणत. रुमालावर काय लिहावे, कोणता रुमाल कोणत्या फळीवर ठेवावा, हे जाणणारा दफ्तरदार कचेरीत मोठा मानला जाई, कारण त्याच्यावाचून वरिष्ठांनाही स्वतःचाच कागद सापडत नसे.

पुण्याच्या पेशवे दफ्तराचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. शाहू दफ्तर, रोजकीर्द, घडणी, पागा, प्रांत अजमास अशा नावांनी त्याचे विभाग पडलेले आहेत. ही नावे ठेवणाऱ्याच्या सोयीची आहेत. हिशेब ज्या रीतीने लिहिला गेला त्या रीतीने तो बांधला गेला. दीडशे वर्षांनंतर एखाद्या लढाईचा वा तहाचा माग काढणाऱ्या अभ्यासकाला त्या नावांतून वाट दिसणे अवघड होते. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या सेवेत कित्येक वर्षे घालवलेल्या रियासतकार सरदेसायांनी या दफ्तरातील निवडक कागद १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत विषयवार प्रसिद्ध केले, तेव्हा शोधणाऱ्यासाठी प्रथमच मोठा दरवाजा उघडला. कागद तेच होते. मांडणी बदलली होती.

हे सारे आठवण्याचे कारण माझी सूनबाई. चलथाणच्या आसपास, साखर कारखान्याच्या उसाच्या गाड्या आणि महामार्गाची वर्दळ यांच्या मधल्या पट्ट्यात, कापडावर प्रक्रिया करणाऱ्या अनेक गिरण्या आहेत. त्यांतील एका कंपनीत ती संगणक विभाग सांभाळते. कंपनीचे स्वतःचे इंट्रानेट आहे. इंट्रानेट म्हणजे बाहेरच्या जगाला न दिसणारे, केवळ कर्मचाऱ्यांसाठीचे संकेतस्थळ. ते मायक्रोसॉफ्टच्या शेअरपॉइंट या प्रणालीवर उभे आहे. २००१ साली बाजारात आलेली ही प्रणाली आज जगभरातील कार्यालयांत वापरली जाते. एके रविवारी ती म्हणाली, “बाबा, तुम्ही आयुष्यभर फायली लावल्यात. आमचा मेनू एकदा पाहता का? लोकांना काही सापडत नाही.”

मी पाहावयास बसलो आणि पहिल्या अर्ध्या तासातच ओळख पटली. नावे इंग्रजी असली तरी मामला आपल्या कचेरीचाच होता. प्रणालीत मेनू आयते मिळतात, त्यासाठी वेगळी आज्ञावली लिहावी लागत नाही. एक मेनू पानाच्या माथ्यावर आडवा असतो, त्याला ग्लोबल नॅव्हिगेशन म्हणतात. दुसरा डाव्या हाताला उभा असतो, तो करंट नॅव्हिगेशन. माथ्यावरचा मेनू साऱ्या संस्थेचा, डावीकडचा त्या त्या विभागाचा. मामलतदार कचेरीच्या दर्शनी भिंतीवरील फलक आणि प्रत्येक टेबलावरील पाटी, असा हा भेद समजावा.

नियंत्रकाला मग काही निर्णय करावयाचे असतात. विभागांची उपस्थळे आणि पाने मेनूत आपोआप दाखवावीत, की प्रत्येक दुवा हाताने लिहावा? क्रम आपोआप लावावा, की आपल्या मनाप्रमाणे? आणि खालच्या स्थळाने वरच्या स्थळाचा मेनू वारशाने घ्यावा, की स्वतःचा वेगळा मांडावा? प्रश्न तीनच, परंतु कागद शोधणाऱ्याचे नशीब त्यांवर ठरते.

या कंपनीत पूर्वी कोणीतरी सारे काही ‘आपोआप’वर सोडून दिले होते. विभाग बावीस होते. प्रणालीत एका पातळीवर आपोआप दिसणाऱ्या नोंदींना मर्यादा असते आणि ती मुळात वीस ठेवलेली असते. बदलता येते, पण ती आहे हे ठाऊक असेल तरच. परिणामी दोन विभाग मेनूतून गळाले होते आणि त्यांतील एक होता वेल्फेअर, म्हणजे कामगार कल्याण. इंग्रजी वर्णानुक्रमात ‘वेल्फेअर’ तसेही शेवटीच पडणार. पण येथे ते शेवटीही नव्हते. पान होते, अर्ज होते, अद्ययावत माहितीही होती. वाट तेवढी नव्हती.

कोणी तक्रार केली नाही का, असे मी विचारले. उत्तर मोठे बोलके होते. ज्यांना ते पान लागे त्यांना ते आहे हेच माहीत नव्हते आणि ज्यांना माहीत होते त्यांना ते लागत नव्हते. रंगखात्यातील एक तरुण कारागीर लग्नानंतर ग्रॅच्युइटीच्या नामनिर्देशनात पत्नीचे नाव घालू इच्छीत होता. उपाहारगृहाशेजारच्या संगणकावर त्याने तीनदा शोधले आणि प्रत्येक वेळी पाळी सुरू होण्याचा भोंगा झाला म्हणून उठून गेला. शेवटी कोणीतरी सूनबाईला सांगितले आणि हा सारा उलगडा झाला. त्याचे काम झाले. परंतु नामनिर्देशन म्हणजे काय, हे महसूल खात्यात वारसनोंदी केलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. एका न भरलेल्या कागदापायी विधवा बायका वर्षानुवर्षे कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवताना मी पाहिल्या आहेत. देव न करो, पण यंत्राशी काम करणाऱ्या माणसाच्या बाबतीत तो कागद कधी लागेल हे कोण सांगणार? मेनूची गोष्ट वाटते क्षुल्लक. ती तशी नाही, हे मला त्या क्षणी जाणवले.

वीसची मर्यादा वाढवणे हा सोपा उपाय होता आणि तो सूनबाईने त्याच दिवशी केला. पण खरा प्रश्न त्यापुढचा होता. माथ्यावरचा मेनू विभागवार असावाच का? कारागिराला ‘मानव संसाधन’, ‘वित्त’, ‘प्रशासन’ यांच्या सीमारेषांशी काय कर्तव्य? त्याला रजा हवी असते, पगाराची चिठ्ठी हवी असते, अर्ज हवा असतो. आमच्या कचेरीत येणारा शेतकरीही कधी ‘हक्कपत्रक शाखा कोठे आहे’ असे विचारीत नसे. तो म्हणे, बापाच्या नावाची जमीन माझ्या नावावर करावयाची आहे. शाखा शोधणे हे आमचे काम होते, त्याचे नव्हे.

येथे मला बडोद्याची आठवण झाली. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणले. १९१३ पर्यंत तो येथे राहिला. मध्यवर्ती ग्रंथालय आणि संस्थानभर पसरलेल्या वाचनालयांचा पाया त्याने घातला आणि बडोद्यासाठी स्वतंत्र वर्गीकरणपद्धती तयार केली. ग्रंथालयशास्त्राने एक फार मोलाची गोष्ट शिकवली आहे. पुस्तक एका वेळी एकाच फळीवर राहू शकते, पण तालिकेत त्याची कार्डे अनेक असू शकतात. लेखकाच्या नावाने एक, ग्रंथनामाने एक, विषयाने एक. फळी ठेवणाऱ्यासाठी असते, तालिका शोधणाऱ्यासाठी. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले. त्यांतील चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याविषयीचा आहे.

शेअरपॉइंटने २०१३ च्या आवृत्तीत नेमके हेच केलेले दिसले. मॅनेज्ड नॅव्हिगेशन नावाच्या सोयीत मेनू स्थळांच्या रचनेवरून न बनता संज्ञांच्या एका स्वतंत्र यादीवरून बनतो. पान त्याच्या विभागातच राहते. मेनूत ते जेथे माणूस शोधील तेथे दिसते. फळी आणि तालिका वेगळी झाली. आम्ही मात्र त्या सोयीपर्यंत गेलो नाही. बावीस विभागांच्या कंपनीला हाताने लिहिलेली शीर्षके आणि त्यांखालील दुवे पुरेसे होते. माथ्यावर पाचच शीर्षके ठेवली. विभागांची यादी शेवटच्या शीर्षकाखाली गेली. डावीकडचा मेनू मात्र प्रत्येक विभागाने आपला आपण ठेवावा असे ठरले.

मग आला शब्दांचा प्रश्न, आणि या प्रश्नाने मला खरा आनंद दिला. मूळ मेनूत ‘लीव्ह मॅनेजमेंट’, ‘पेरोल सर्व्हिसेस’, ‘अटेंडन्स’ असे शब्द होते. कंपनीतील कारागीर कोण? तापीकाठच्या लोहमार्गाने खानदेशातून आलेले मराठी, गावचे गुजराती, ओडिशा आणि उत्तर प्रदेशातून आलेले. कोणाच्या भाषेत लिहावे? मी सूनबाईला म्हटले, तू तुझ्या रंगखात्यात जाऊन नुसते ऐक. लोक काय म्हणतात? ती ऐकून आली. रजा, पगार, हाजरी. ‘रजा’ मराठीतही तीच आणि गुजरातीतही तीच. ‘पगार’ पोर्तुगीजांकडून आलेला, दोन्ही भाषांत रुळलेला आणि परप्रांतीयांनाही येथे आल्यावर आठवड्यात कळणारा. ‘हाजरी’ म्हटले की आपली हजेरी कोणाला कळणार नाही? ‘खाते’ आणि ‘खातुं’, ‘दाखला’, ‘अर्ज’, हीही त्याच कुळातली मंडळी. शतकानुशतके एका मुलखात कारभार करताना दोन्ही भाषांनी मिळून हा शब्दांचा सामाईक खजिना जमवला आहे.

बडोदे संस्थानाने हे काम डोळसपणे केले होते. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘श्री सयाजी शासन शब्दकल्पतरु’ या कोशात राज्यकारभारातील शब्द आठ भाषांत शेजारी शेजारी मांडले आहेत. त्याही पूर्वी, शिवकाळात, राज्यव्यवहारकोशाने कारभाराचे शब्द दहा वर्गांत लावले होते. शब्द निवडणे आणि वर्ग पाडणे ही एकाच कामाची दोन अंगे आहेत, हे त्या मंडळींना कळत होते. मेनू करणाऱ्यालाही ते कळावयास हवे.

एक गोष्ट मी सूनबाईकडून शिकलो, तीही नमूद करतो. मेनूतील दुवा विशिष्ट लोकांनाच दिसावा अशी योजना करता येते. अधिकाऱ्यांचे दुवे कारागिरांना दिसू नयेत एवढाच तिचा उपयोग. परंतु दुवा लपवणे म्हणजे पान कुलूपबंद करणे नव्हे. पानाचा पत्ता ठाऊक असलेला माणूस तेथे पोहोचू शकतो. कुलूप हवे तर पानाच्या परवानग्यांतच लावावे लागते. कचेरीतही असेच असे. गोपनीय कागद कपाटात लागे, पाटी पुसून भागत नसे. आणि उलट बाजूही तितकीच खरी. जे सर्वांचे आहे त्यावरची पाटी पुसली गेली, की कुलूप नसूनही ते बंद होते.

नवा मेनू सुरू करण्यापूर्वी आम्ही एक साधी परीक्षा घेतली. वेगवेगळ्या खात्यांतील काही कारागिरांना एकेक करून बोलावले आणि रजेचा अर्ज, मागील महिन्याची पगारचिठ्ठी व नामनिर्देशन शोधावयास सांगितले. मदत करावयाची नाही, केवळ पाहावयाचे. जेथे बोट थबकले तेथे आम्ही खूण केली आणि शब्द बदलला. ‘नामनिर्देशन’ हा शब्द माझा होता. तो कोणालाच कळला नाही. एका वयस्क कारागिराने सुचवले, ‘वारसाचे नाव’ लिहा. तेच लिहिले.

असो. या सर्व खटाटोपात एक शब्द मनात घर करून राहिला. तो म्हणजे वारसा. प्रणालीत खालचे स्थळ वरच्या स्थळाचा मेनू वारशाने घेऊ शकते. माथ्यावरचा मेनू वरून घ्यावा आणि डावीकडचा स्वतःचा ठेवावा, अशीही मुभा असते. १९४९ साली बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, १९६० साली गुजरात राज्य झाले. त्या प्रत्येक वेळी आपल्या वाडवडिलांनी माथ्यावरचा फलक खुल्या मनाने स्वीकारला. कचेरीत गुजराती लिहिली, मुलांना गुजराती शाळांत घातले. डावीकडची पाटी मात्र, म्हणजे स्वयंपाकघरातली भाषा, गणपतीची आरती, हे आपले नियतकालिक, तशीच ठेवली. तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या मुलांना आपल्या घरचे कागद वाचता येत नाहीत अशी खंत आपण बैठकांतून व्यक्त करतो. कागद तर आहेत, माळ्यांवर अजूनही रुमाल आहेत. मुले कोणत्या शब्दाने शोधतील, हे त्यांच्याजवळ बसून आपण ऐकले पाहिजे आणि त्या शब्दाची पाटी लावली पाहिजे.