हाताखाली आलेली पोर

अमरावतीच्या राजापेठेतल्या माझ्या समुपदेशन केंद्रात चाळिशी-पन्नाशीच्या ज्या बायका येतात, त्या बहुधा स्वतःसाठी आलेल्या नसतात. मुलगा अभ्यास करत नाही, नवरा बोलत नाही, सासूबाई गोष्टी विसरतात, अशी गाऱ्हाणी असतात. स्वतःची गोष्ट निघते ती आजारपणाच्या निमित्ताने. पिशवीचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी काही आठवडे वजन उचलू नका म्हणून बजावलं आणि तिथून रडू सुरू झालं. टाके दुखतात म्हणून नव्हे. सुनेने पाण्याचा ग्लास हातात आणून दिला म्हणून. "मी अशी पडून राह्यली तं मले कोन विचारीन?" हा प्रश्न मी इतक्या जणींकडून ऐकला आहे, की आता त्याच्या मागचं बालपण विचारल्याशिवाय मी पुढे जात नाही.

ते बालपण आपल्या वऱ्हाडातलं, ओळखीचं आहे. माय पावसाळ्यात निंदायला जाते, दिवाळीच्या सुमारास कापूस वेचायला. वेचणीची मजुरी किलोवर, त्यामुळे अंधार पडेपर्यंत पाठ वाकलेली. घरी सात-आठ वर्षांची थोरली. कडेवर धाकटा भाऊ, चुलीवर किंवा गॅसवर वरण, पाणी भरून ठेवलेलं. माय दमून येते, भरलेले गुंड पाहते आणि म्हणते, "माही लेक लय कामाची." दिवसभरात त्या मुलीच्या वाट्याला आलेलं हेच एक गोड वाक्य. शेजारपाजारचेही कौतुकाने म्हणतात, पोरगी हाताखाली आली. मायचं प्रेम कमी नव्हतं. ते दाखवायला वेळ आणि अंगात त्राण उरत नव्हतं. पण मुलीला त्राण दिसत नाही, क्रम दिसतो: आधी काम, मग माया. हा क्रम रोज घडला की तो तिच्यासाठी जगाचा नियम होतो.

शेतकरी आत्महत्यांमुळे 2006 साली जाहीर झालेल्या पंतप्रधानांच्या पॅकेजात अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम आणि वर्धा हे सहा जिल्हे आले. कर्ज, व्याज, सिंचन यांचा विचार त्यात होता. त्या काळात ज्या घरांतला बाप गेला, त्या घरांतली थोरली मुलगी एका रात्रीत मोठी झाली. आता, वीस वर्षांनी, तशा काही मुली माझ्यासमोर बसतात. रडायचं राहूनच गेलं, असं त्या सांगतात. आई रडत होती, म्हणून कोणीतरी चहा ठेवायला हवा होता.

कार्ल रॉजर्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1959 च्या आपल्या मांडणीत म्हटलं, की मुलाला अटी घालून स्वीकारलं तर तेही स्वतःला त्याच अटींवर स्वीकारू लागतं. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी अशा माणसांचं वर्णन केलं, जी इतरांची काळजी घेतल्यावाचून राहू शकत नाहीत आणि स्वतःला हवी असलेली काळजी मात्र कधी मागत नाहीत. माझ्या अनुभवात यातला दुसरा भाग अधिक जाचक आहे. अशी स्त्री लग्नानंतर घरभर राबते, पण नवऱ्याने "बस जरा" म्हटलं की तिला वाटतं, आपलं काहीतरी चुकलं. मुलं शिकायला पुण्याला गेली की तिला घर रिकामं वाटतंच, शिवाय आपणही नकोसे झालो असं वाटतं. आणि न मागितलेल्या प्रेमाचा हिशेब आत साठत जातो. एक दिवस तो सगळ्यांवर फुटतो.

रमाबाई रानडे यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे 1910 चं पुस्तक मी, हा क्रम उलटू शकतो का हे पाहण्यासाठी, पुन्हा पुन्हा वाचते. 1873 मध्ये, अकराव्या वर्षी त्यांचं लग्न झालं. सासरी सोसायचं, कोणाची कागाळी नवऱ्याकडे न्यायची नाही, ही माहेरची शिकवण. पुढे त्यांनी आपल्या पतीची, न्यायमूर्ती रानड्यांची सेवा जिवापाड केली; त्यांचे डोळे अधू होते, तर वर्तमानपत्रं वाचून दाखवली. वरवर पाहता हीच ती कामाची मुलगी. पण एक गोष्ट वेगळी घडली. रानड्यांनी तिला आधी शिकवलं. घरातल्या बायकांचा विरोध असताना, जिचा अजून कोणालाच उपयोग नव्हता अशा मुलीला त्यांनी अक्षरं दिली. 1901 मध्ये रानडे गेले. ज्यांची सेवा हेच आयुष्य होतं, तो माणूस राहिला नाही, पोटचं मूल नव्हतं. तरी त्या संपल्या नाहीत. 1909 मध्ये पुण्यात सेवासदन उभं राहिलं, 1924 पर्यंत त्या काम करत होत्या. एका माणसाच्या गरजेवर त्यांची किंमत टांगलेली राहिली नाही, याचं श्रेय मी त्या अक्षरांना देते.

ज्या अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभारलं, तिथे राहून सेवेला मी आजार म्हणणार नाही. मी इतकंच पाहते, की ही बाई भीती न वाटता थांबू शकते का? उपचारात मी तिला साधं काम देते: जेवण झाल्यावर दुसरं कोणी ताटं उचलत असताना बसून राहायचं. सुरुवातीला पाय थरथरतात, छाती धडधडते. काही आठवड्यांनी ते कमी होतं. मग ती पहिल्यांदा काही मागते. एकीने नवऱ्याला डोक्याला तेल लावून मागितलं आणि त्याने ते लावलं. उपचारांत मला याहून मोठं यश ठाऊक नाही.

मोठेपणी हे होतं, पण फार कष्टाने. लहानपणी ते फुकट देता येतं. म्हणून या दिवाळीत करंज्यांचं सारण थोरलीच्या हाती देण्याआधी तिला जवळ बसवा. ती काहीच करत नसेल तेव्हा तिच्याशी बोला, तिला काय खावंसं वाटतं ते विचारा आणि तेच आधी करा. कामाचं कौतुक नंतर करायला हरकत नाही.