कुल्मबाखची कथिलाची फौज

प्रवासाहून परतलेल्या माणसाकडे घरची मंडळी दोन गोष्टी हक्काने मागतात: खाऊ आणि हकिगत. खाऊ वाटता वाटता संपतो. हकिगत मात्र जितकी वाटावी तितकी वाढते. जर्मनीतील कुल्मबाख या गावी कथिलाच्या सैनिकांचा जो बाजार भरतो, त्याची हकिगत मी आमच्या बेळगावच्या तीन श्रोत्यांना देणे लागत होतो. पहिले श्रोते म्हणजे मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले एक सुभेदारसाहेब. गुडघ्यांनी असहकार पुकारल्यामुळे त्यांची मजल आता घरापासून चर्चच्या पायरीपर्यंतच जाते. दुसऱ्या, शाळेत चित्रकला शिकविणाऱ्या एक बाई; अंथरुणाला खिळलेल्या आईस सोडून त्यांना एक रात्रही कोठे राहता येत नाही. तिसरी आमच्या गल्लीतील मुले, ज्यांचे वर्ष एका दिवाळीच्या किल्ल्यापासून दुसऱ्या दिवाळीच्या किल्ल्यापर्यंत मोजले जाते.

निघताना तिघांनीही मजजवळ एकेक प्रश्न बांधून दिला होता. सुभेदारसाहेब म्हणाले, "फादर, तिथली लढाईची मांडणी खरी असते की नुसती शोभेची, तेवढे बघून या." बाई म्हणाल्या, "एवढ्याशा चेहऱ्यावर रंग कसा चढवितात, ते नीट पाहा." मुलांनी विचारले, "सगळे मिळून किती असतात?" वाचकहो, या तीन प्रश्नांच्या आधारानेच तुम्हांसही तेथे घेऊन जावे असा माझा विचार आहे.

बव्हेरियाच्या उत्तर भागास फ्रँकोनिया म्हणतात. उन्हाळ्यात तेथील एका धर्मग्रामाचे धर्मगुरू रजेवर गेले असता त्यांच्या जागी काम करण्याचा योग मला आला, आणि एका मोकळ्या दिवशी मी न्यूरेंबर्गहून रेल्वेने उत्तरेस कुल्मबाखला गेलो. गाव सुमारे सव्वीस हजार वस्तीचे, बिअरसाठी नावाजलेले. गावाच्या पश्चिमेस श्वेत माइन आणि रक्त माइन या दोन नद्यांचा संगम होतो. तेथून पुढे केवळ माइन हे नाव धारण करून ती नदी ऱ्हाइनला जाऊन मिळते. संगम पाहिला की आपले हात आपोआप जुळतात. तेथील लोक सायकल टेकवून स्वस्थ पाहत उभे राहतात. गावाच्या डोक्यावर, झाडीने झाकलेल्या टेकडीवर, प्लासेनबुर्ग नावाचा प्रचंड किल्ला बसला आहे. त्याच्या आतील चौकाच्या कमानींवर दगडात इतके बारीक नक्षीकाम आणि इतके कोरीव चेहरे आहेत, की हा किल्ला लढण्यासाठी बांधला होता याचा क्षणभर विसर पडावा. एकोणिसाव्या शतकात त्याच वास्तूत तुरुंग होता. 1929 साली तेथे कथिलाच्या मूर्तींचे संग्रहालय स्थापन झाले.

दर दोन वर्षांनी ऑगस्ट महिन्यात या गावी संग्राहकांचा मेळा भरतो. लांबच लांब मेजांवर पुठ्ठ्याच्या पेट्या, आणि पेट्यांत रंग न दिलेल्या, चांदीसारख्या चकाकणाऱ्या इवल्या मूर्ती! रोमन पलटणी, धर्मयुद्धांतील सरदार, नेपोलियनचे तोफखाने. आणि त्यांच्या शेजारीच शिकारी, नट, बाजारकरणी, मेंढपाळ, बेथलेहेमचा गोठा. एक वृद्ध गृहस्थ भिंग डोळ्याशी धरून घोड्याचा लगाम तपासीत होते. विक्रेता तितक्याच सबुरीने वाट पाहत होता. पुष्कळांच्या हातांत याद्या होत्या. एकाला मी सहज विचारले, तो म्हणाला, ही यादी माझी नव्हे, आजारी मित्राची. पूर्वी आम्ही दोघे येत असू. मग लक्ष देऊन पाहू लागलो, तेव्हा ध्यानात आले की या बाजारात जितके लोक हजर आहेत, जवळजवळ तितकेच गैरहजर लोकही कोणाच्या तरी खिशातल्या यादीच्या रूपाने हिंडत आहेत. माझ्याही खिशात तीन प्रश्न होतेच.

आता बाईंच्या प्रश्नाकडे वळू. ही मूर्ती आपल्याकडील मातीच्या मावळ्यासारखी गोल नसते. ती चपटी असते. जाडी रुपयाच्या नाण्याहूनही थोडी कमी, आणि उभ्या माणसाची उंची सुमारे 30 मिलिमीटर. या मापाला न्यूरेंबर्गचे नाव पडले आहे, कारण हा धंदा तेथेच नावारूपास आला. अठराव्या शतकात योहान गॉटफ्रीड हिल्पर्ट या न्यूरेंबर्गच्या कारागिराने त्याला प्रतिष्ठा मिळवून दिली. प्रशियाचा राजा फ्रेडरिक याची त्याने घडविलेली 1777 सालची अश्वारूढ मूर्ती प्रसिद्ध आहे. पुढे 1839 साली एर्न्स्ट हाइनरिक्सन याने त्याच शहरात आपला कारखाना काढला. कृती अशी: पाटीच्या दगडाचे दोन सपाट तुकडे घ्यावयाचे आणि एकावर मूर्तीची पुढची, दुसऱ्यावर मागची बाजू उलटी व खोलगट कोरावयाची. हवा निघून जाण्यासाठी केसासारख्या बारीक चरी ठेवावयाच्या. मग दोन्ही तुकडे घट्ट दाबून वरच्या तोंडातून वितळलेला रस ओतावयाचा. कथील 232 अंशांवर वितळते आणि शिसे 327 अंशांवर. परंतु दोहोंचे योग्य प्रमाणात मिश्रण केले तर ते 183 अंशांच्या आसपासच पाण्यासारखे होते. आपल्या दारी येणाऱ्या कल्हईवाल्याच्या भात्यापाशी बसून ज्यांनी कथिलाचा तो चंचल थेंब भांड्यावर पसरताना पाहिला असेल, त्यांना हे निराळे सांगावयास नको. मात्र शिसे विषारी असल्याने अशी मूर्ती हाताळल्यावर हात धुतलेच पाहिजेत, हे मुलांनी ध्यानात ठेवावे.

रंगाचे मर्म या चपटेपणातच आहे. गोल मूर्तीवर उजेड पडला की सावली आपोआप पडते. चपटीवर ती पडत नाही. म्हणून रंगविणारा उजेड कोठून येतो हे आधी मनाशी ठरवितो आणि गालाखालची, बाहीच्या चुणीतली, घोड्याच्या पोटाखालची छाया कुंचल्याने स्वतः उमटवितो. म्हणजे हे मूर्तीला रंग देणे नव्हे, अंगठ्याच्या पेराएवढे चित्र काढणेच होय. बाईंना मी हे सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, "मग एका चेहऱ्याला एक संध्याकाळ सहज लागत असेल." होय, लागते.

हे ध्यानात ठेवून मुलांच्या प्रश्नाचे उत्तर ऐकावे. प्लासेनबुर्गावरील संग्रहालयात सुमारे तीन लाख मूर्ती आहेत, आणि नाताळच्या गोठ्याप्रमाणे रचलेले दीडशेंहून अधिक देखावे आहेत. त्यांतील सर्वांत मोठ्या देखाव्यात एकट्यात 19,385 मूर्ती आहेत. मुलांनी आ वासला. पण सुभेदारसाहेबांनी ताबडतोब विचारले, "लढाई कोणती?"

तोच तर खरा प्रश्न. ही लढाई नेपोलियनची नव्हे, सीझरची नव्हे. 26 नोव्हेंबर 1553 या दिवशी, म्हणजे संत कॉन्राडच्या सणाच्या दिवशी, खुद्द कुल्मबाख नगराचा जो विध्वंस झाला, त्याचा तो देखावा आहे. येथील राजा आल्ब्रेख्त आल्सिबियाडिस याने त्याआधी न्यूरेंबर्गच्या मुलखातील खेडी जाळली होती, बांबर्ग आणि वुर्ट्सबुर्ग या बिशपांच्या राज्यांना नाडले होते. त्याचे उट्टे काढण्यास त्या सर्वांच्या एकत्र फौजा आल्या, आणि नगर लुटले गेले, बेचिराख झाले. वरचा किल्ला पुढील वर्षीच्या जूनपर्यंत तग धरून राहिला. मग शरण आला आणि पाडला गेला. आज दिसतो तो 1559 पासून पुन्हा उभारलेला. ज्याच्या पायी हे घडले तो राजा 1557 साली परागंदा अवस्थेतच वारला. शासन भोगले ते ज्यांनी कोणाचेही खेडे जाळले नव्हते अशा नगरवासीयांनी.

त्या काचेपुढे मी बराच वेळ उभा होतो. चढाई करणाऱ्यांच्या निशाणांत दोन बिशपांची निशाणे होती, ही गोष्ट माझ्यासारख्याला सुखाने पाहता येण्याजोगी नाही. त्या काळी बिशप राजेही असत, असे इतिहासाच्या पुस्तकात वाचून आपण पान उलटतो. येथे पान उलटता येत नाही. आणि ज्या न्यूरेंबर्गची माणसे त्या दिवशी चालून आली, त्याच न्यूरेंबर्गने दोन शतकांनी साऱ्या युरोपातील मुलांच्या हाती कथिलाचे शिपाई दिले!

बेळगावास येऊन हे सारे सांगितले, तेव्हा सुभेदारसाहेब काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आम्ही ट्रेनिंगमध्ये सँड मॉडेल करायचो. त्यात टेकडी असायची, नाला असायचा, शत्रूची चौकी असायची. गाव म्हणजे नुसता एक ठोकळा. त्यात माणसे कधी ठेवली नाहीत." त्यांनी ते खंत म्हणून सांगितले नाही, लष्करी कामाची ती गरजच असते. पण मला वाटते, कुल्मबाखच्या लोकांनी काय केले हे त्यांना माझ्याआधी कळले. जिंकल्याचे स्मारक कोणीही उभारतो. या गावाने आपल्या पराभवाचा देखावा आपल्याच किल्ल्यात मांडला, आणि त्यासाठी कोणीतरी 19,385 मूर्ती एकेक करून रंगविल्या. मारणाऱ्याच्या चेहऱ्यालाही तीच निगा, मरणाऱ्याच्या चेहऱ्यालाही तीच. युद्धात माणसांची गणती हजारांनी होते. कुंचला मात्र एका वेळी एकाच माणसाकडे पाहू शकतो.

मुलांच्या हाती शिपाई द्यावेत काय, असे एका मातेने मला विचारले. मला वाटते, शिपायाबरोबर गावही द्यावे, म्हणजे झाले. तो शिपाई कोणाच्या दारावरून जातो हे मुलाला दिसले पाहिजे.

येताना मी रंग न दिलेल्या मूर्तींची एक लहान पुडी आणली. सुभेदारसाहेबांसाठी एक ढोलवाला, आणि बाकीची सारी साधी माणसे: गाठोडे घेतलेली बाई, गाडीवान, काठी टेकणारा म्हातारा, बदकांमागे धावणारे पोर. बाईंनी संध्याकाळी आई झोपल्यावर दिव्याखाली बसून त्या रंगविण्यास आरंभ केला आहे. गाठोडेवालीला त्यांनी जर्मन झगा ठेवला, पण त्याचा रंग इरकली लुगड्याचा निवडला. मुलांनी हट्टाने त्या सर्वांसाठी येत्या दिवाळीच्या किल्ल्यात जागा राखून ठेवली आहे. जागा कोठे, म्हणून मी विचारले. "फादर, पायथ्याशी," त्यांतला थोरला म्हणाला, "किल्ल्याखाली गाव असतेच की. विहीर आम्ही आधीच खणली आहे."