डूम काढल्यावर उरलेली करिझ्मा

मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कला राहून टूरिंगची गाडी बाळगणं हा मुळात आशावादाचा प्रकार आहे. गेटमधून बाहेर पडलं की मीरा-भाईंदर रस्ता, त्याच्या मधोमध मेट्रो ९ चे खांब, पुढे काशिमीरा नाका. तिथून उजवीकडे दहिसर, डावीकडे घोडबंदर. कुठेही वळा, पहिला अर्धा तास ट्रकच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच जातो. तरी माझ्याकडे २००६ सालची हिरो होंडा करिझ्मा आहे आणि ती विकायचा विचार मी कधी फार वेळ केलेला नाही.

ज्यांना तो काळ आठवतो त्यांना करिझ्माची ओळख करून द्यायला नको. २००३ मध्ये ती आली तेव्हा आपल्याकडे शंभर सीसीच्या गाड्या मायलेजच्या आकड्यावर विकल्या जात होत्या. त्यात २२३ सीसीचं होंडाचं इंजिन, सुमारे १७ हॉर्सपॉवर, पुढे अर्धं फेअरिंग आणि जाहिरातीत हृतिक रोशन. तरुणांनी वेगासाठी घेतली, पण तिचा खरा गुण वेगळा होता. दिवसभर ऐंशीवर चालवली तरी ती कुरकुरत नसे. कशेडी, परशुराम, ताम्हिणी, माळशेज या सगळ्या घाटांत मी तिला मागे सामान बांधून नेलं. सकाळी मीरा रोडहून निघून संध्याकाळी रत्नागिरीला उतरलो तरी पाठ शाबूत असायची. त्याचं निम्मं श्रेय त्या पुढच्या प्लास्टिकचं. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा रेटा चौपट होतो. चाळीसला जो वारा सुखद वाटतो तोच ऐंशीला छातीवर हात ठेवून मागे ढकलतो. तो रेटा फेअरिंग अंगावर घेत असे.

त्या फेअरिंगला गॅरेजमध्ये फेअरिंग कुणी म्हणत नाही. ती डूम. आणि ती डूम आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका सामान उतरवणाऱ्या टेम्पोने रिव्हर्स घेताना चेपली. गाडी पडली, डावा पॅनेल फुटला, बोल्ट बसवायचे कान तुटले. इंजिनला ओरखडाही नाही.

सिल्व्हर पार्कच्या मागच्या गल्लीत आमच्या मेस्त्रींचं गॅरेज आहे. मूळचे खेडचे, पण उभं आयुष्य इथेच गेलेलं. त्यांनी तुटलेले कान बोटाने हलवून पाहिले आणि म्हणाले, "साहेब, या मॉडेलची ओरिजिनल डूम आता शोधत बसावी लागेल. डुप्लिकेट मिळेल, पण तिची भोकं जुळत नाहीत. महिन्याभरात खडखडायला लागते."

"मग काय करायचं?"

"काढून टाकू. गोल हेडलाइट लावू. तुम्ही आता कुठे गोव्याला जाताय?"

शेवटचं वाक्य लागलं, कारण ते खरं होतं. गेल्या काही वर्षांत गाडी जास्तीत जास्त वसईपर्यंत जात होती. घरातून भाईंदर स्टेशन, भाजी, कधी उत्तन. या फेऱ्यांत डूमचा उपयोग शून्य आणि त्रास भरपूर. वळताना हेडलाइट वळत नाही, कारण करिझ्माची डूम हँडलला जोडलेली नसून सांगाड्याला जोडलेली असते. अंधाऱ्या गल्लीत चाक डावीकडे आणि उजेड समोरच्या भिंतीवर.

मेस्त्रींचा सल्ला तसा जगभर जुना आहे. १९८० च्या दशकात युरोपात लोक आपटलेल्या स्पोर्ट्स बाइक घ्यायचे, आणि नवं फेअरिंग गाडीच्या मानाने फार महाग पडतं म्हणून ते न लावताच चालवायचे. त्या काटकसरीतून ‘स्ट्रीटफायटर’ नावाची सगळी शैली उभी राहिली. मग कंपन्यांनाही त्यात धंदा दिसला. डुकाटीने १९९३ मध्ये स्वतःच्याच जुन्या गाड्यांचे भाग वापरून मॉन्स्टर बाजारात आणली, अंगावर प्लास्टिक जवळजवळ नाहीच. होंडाच्या गोल्डविंगची गोष्ट उलटी. आज चालतीफिरती खोली वाटणारी ती टूरिंग गाडी १९७५ मध्ये उघडीच विकायला आली होती. लोक बाहेरून फेअरिंग आणून लावू लागले, तेव्हा १९८० मध्ये कंपनीने ते कारखान्यातूनच लावून दिलं. आपल्याकडे बजाजने पल्सर २२० डूमसकट काढली आणि पाठोपाठ तीच गाडी डूमशिवाय २२० एस म्हणून आणली. हिरो होंडाने मात्र २००९ मध्ये करिझ्मा झेडएमआरला डोक्यापासून पायापर्यंत झाकलं. म्हणजे माझ्या गाडीला उघडं करण्याचा नकाशा कंपनीने काढलेला नव्हता. तो आम्हालाच काढायचा होता.

पण पाना हातात घेण्याआधी कायदा बघणं भाग होतं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ तपशिलापासून फारकत चालणार नाही असं सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी शिक्षा ठेवली. शिवाय माझी गाडी ठाण्याची, एमएच-०४. पंधरा वर्षं पूर्ण झाल्यावर पाच वर्षांसाठी झालेलं नोंदणीचं नूतनीकरण २०२६ मध्ये संपणार, तेव्हा गाडी पुन्हा आरटीओच्या तपासणीला उभी करावी लागणार. वीस वर्षांपुढच्या दुचाकीसाठी नूतनीकरणाचं शुल्क ऑगस्ट २०२५ पासून दोन हजार रुपये झालं आहे. दोन हजार भरू, पण निरीक्षकासमोर हात चोळत उभं राहायचं नव्हतं.

म्हणून मेस्त्रींना पहिल्याच दिवशी अट घातली. ग्राइंडर लावायचा नाही. सांगाड्यावर वेल्डिंग नाही, इंजिनला हात नाही, सायलेन्सर मूळचाच, रंग तोच. जे निघेल ते बोल्ट खोलून निघेल आणि बोल्ट लावून परत बसेल. मेस्त्रींना हे फारसं रुचलं नाही. हल्लीची पोरं मागचा सांगाडा कापून मडगार्ड उडवतात, पाटीसारखी सीट लावतात आणि सायलेन्सर फोडून सगळ्या रस्त्याला ऐकवतात. तसं काहीतरी करायला मिळेल अशी त्यांची अपेक्षा असावी. "मग मॉडिफाय काय केलं साहेब?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "जे कमी केलं ते."

डूम उतरायला वेळ लागला नाही. उतरल्यावर मात्र आम्ही दोघेही गप्प झालो. आतून गाडी लग्नाच्या हॉलची मागची बाजू दिसावी तशी दिसत होती. वायरिंगचे जुडगे, त्यावर कधीकाळी कुणीतरी गुंडाळलेली चिकटपट्टी, वितळून काळा पडलेला एक कपलर, हॉर्नच्या मागे साचलेला घाटांतला लाल चिखल आणि सांगाड्याच्या मानेपाशी गंजाची साय. मीरा-भाईंदरला एका अंगाला वसईची खाडी आणि दुसऱ्या अंगाला समुद्र. हवेतलं मीठ लोखंडाला सोडत नाही. डूममुळे ते दिसत नव्हतं एवढंच, आणि पावसाचं पाणी आत शिरून लवकर वाळत नसल्यामुळे गंजाला सावलीही मिळाली होती.

इथून पुढचं काम फक्त पाना फिरवून होणारं नव्हतं. आधी गंज. तारेच्या ब्रशने घासून, प्रायमर मारून, सांगाड्याच्या मूळ काळ्या रंगाचा हात दिला. मग पुढचं चाक उचलून हँडल फिरवलं, तर ते बरोबर मध्यावर आल्यावर खटकन अडकत होतं. कोन सेट, म्हणजे हँडल ज्या बेअरिंगवर फिरतं ते, गेला होता. गोळ्यांनी वाटीत खळगे पाडले होते आणि हँडल सरळ झालं की गोळ्या त्या खळग्यांत बसत होत्या. नवा सेट टाकला, ग्रीस भरलं. डूम असती तर हे काम आणखी एक पावसाळा पुढे गेलं असतं.

खरी परीक्षा वायरिंगची. सांगाड्याला जोडलेल्या डूममध्ये हेडलाइटच्या वायरी कधी हलत नाहीत. हेडलाइट पुढच्या शॉकपवर नेला की प्रत्येक वळणाला त्या हँडलबरोबर फिरणार. कमी लांबी ठेवली तर ताणून तुटतील, जास्त ठेवली तर शॉकप धरून ठेवणारी टी आणि सांगाडा यांच्या मध्ये चिरडतील. आम्ही हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत वायरिंगला मानेपाशी सैल वळसा दिला आणि मगच बांधलं. जोड पिळून चिकटपट्टी लावायची मेस्त्रींची सवय होती. इथे प्रत्येक जोड सोल्डर करून त्यावर नळी आकसवून घेतली. होंडाच्या वायरिंगची एक मेहेरबानी अशी की रंग ठरलेले असतात. हिरवी म्हणजे अर्थ, निळी अप्पर, पांढरी डिपर, नारिंगी डावा इंडिकेटर, आकाशी उजवा. एवढं पाठ असलं की अर्ध्या भानगडी होत नाहीत.

हेडलाइटच्या दुकानात गोल, चौकोनी, एलईडीच्या माळा लावलेले असे सगळे अवतार होते. मी साधा गोल काचेचा घेतला आणि बल्ब मूळच्या वॅटचाच ठेवला. जास्त वॅटचा बल्ब लावला की ताण जुन्या वायरिंगवर येतो, आणि तो वितळलेला कपलर त्याचीच साक्ष देत होता. मीटर जुनंच. त्यासाठी वरच्या टीवर बसेल अशी पत्र्याची पट्टी लेथवाल्याकडून करून घेतली आणि खाली रबरी वॉशर घातले, नाहीतर इंजिनच्या थरथरीने काटा नाचतो. आरसे, इंडिकेटर, हॉर्न, पुढची नंबर प्लेट ही सगळी मंडळी नव्या जागी सरळ बसेपर्यंत गाडी गॅरेजबाहेर आणली नाही. हेडलाइटचा झोत संध्याकाळी पार्किंगच्या भिंतीवर लावला. मुलीला सीटवर बसवलं, कारण माणूस बसला की मागची बाजू दबते आणि झोत वर जातो. वॉचमन खुर्ची घेऊनच बसला होता. "पप्पा, आता ही म्हातारी झाली की तरुण?" मुलीने विचारलं. वॉचमनचं मत पडलं, तरुण.

पहिली मोठी फेरी भाईंदर पश्चिमेकडून मुर्धा, राई, मोर्वा आणि पुढे उत्तन. हा रस्ता या गाडीला आता शोभतो. अरुंद, वळणांचा, बाजूला मिठागरं, गावातून जाताना चाळीसच्या वर जाऊच नये असा. समोर प्लास्टिक नसल्यामुळे पुढचं चाक जवळजवळ पायाखाली असल्यासारखं वाटतं. खड्डा आधी दिसतो, वळताना उजेड वळतो, आणि दीडशे किलोच्या गाडीतून जेमतेम काही किलो गेले असले तरी गर्दीत ती चटकन कलते.

मग एका पहाटे वर्सोवा पूल ओलांडून अहमदाबाद महामार्गावर ऐंशी धरली आणि हिशेबाची दुसरी बाजू कळली. पूर्वी वारा डूमवर आदळायचा आणि तो भार सांगाड्याकडे जायचा. आता तो माझ्या छातीवर येतो, मी हँडल घट्ट पकडतो, आणि त्या पकडीने नकळत हँडललाच हिसका बसतो. ट्रक शेजारून गेला की गाडी नाही, मी हलतो आणि माझ्यामुळे गाडी. यावर उपाय एकच. गुडघ्यांनी टाकी धरायची, हात सैल सोडायचे. तासाभराने मान सांगायला लागते की बस झालं. पावसात तर पहिले थेंबच टाचणीसारखे टोचतात. रत्नागिरी आता एका दिवसात होणार नाही, आणि ज्याला अजून होते त्याने डूम काढू नये.

मोडलेली डूम मी टाकलेली नाही. तुटलेले कान प्लास्टिक वेल्डिंगने जोडून घेतले आणि ती माळ्यावर ठेवली आहे. तपासणीच्या वेळी निरीक्षक नको म्हणाले तर संध्याकाळपर्यंत परत बसेल, इतकी सोय सांगाड्यावर शाबूत आहे. खर्चाचं म्हणाल तर डुप्लिकेट डूमपेक्षा जास्तच आला. मात्र त्यातला फार थोडा गाडी उघडी करण्यावर गेला. बाकी सगळा गेला प्लास्टिकच्या मागे जे साठलं होतं ते निस्तरण्यावर, आणि तो कधीतरी करावाच लागणार होता.

आता सोसायटीतला एक मुलगा त्याची डूमवाली पल्सर घेऊन माझ्या मागे लागला आहे, काका तुमच्यासारखी करून द्या. मी त्याला विचारलं, रोज जातोस कुठे? म्हणाला, ठाण्याला कंपनीत, रात्रपाळी, रोज घोडबंदर रोडने, पावसातही. त्याला सांगितलं, डूम राहू दे. या रविवारी फक्त ती उतरवून आतलं वायरिंग आणि गंज बघू, आणि संध्याकाळी परत लावू.