घर कुणाच्या नावावर?

सूसला जागा बघायला आलो, तेव्हा स्वयंपाकघराची पश्चिमेची खिडकी पाहूनच मी होकार दिला होता. पोळ्या लाटता लाटता टेकडीमागचा सूर्यास्त दिसायचा! त्या हौसेची किंमत एप्रिलात कळली. दुपारी तीननंतर ओट्याशी उभं राहवेना. खिडकीच्या फटींतून धूळ यायची ती वेगळीच. शाळेतून आल्यावर आधी हातात फडकं, मग पोळपाट!

शेवटी ठरवलं, खिडक्या आणि गॅलरीचं दार बदलायचंच. कर्ज काढायचं आणि हप्ता माझ्या पगारातून भरायचा. अर्धवेळ शिक्षिकेचा पगार तो केवढा, पण खिडक्यांपुरता पुरला असता.

तेवढ्यात अमेरिकेहून वन्संचा फोन आला. त्यांनी २०२४ साली ऊन-थंडी अडवणाऱ्या खिडक्या बसवल्या, तर खर्चाचे तीस टक्के करातून वजा झाले. खिडक्यांना सहाशे डॉलरची मर्यादा, दारांना पाचशेची. ती सवलत २०२५ अखेर संपली म्हणे. "तुमच्याकडे नाही का गं असं काही?"

कराची कामं करणाऱ्या ओळखीच्या गृहस्थांना मी विचारलं. ते म्हणाले, "खिडक्यांसाठी म्हणून आयकरात सवलत नाही. पण राहत्या घराच्या दुरुस्तीला कर्ज काढलंत, तर जुन्या करपद्धतीत त्याच्या व्याजाची वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. मुद्दलाची नाही. बँकेकडून व्याजाचा दाखला मात्र घ्या."

"हप्ता मीच भरणार आहे."

"घर कुणाच्या नावावर?"

मी गप्प. घर ह्यांच्या नावावर. वजावट मालकाला, तीही व्याज त्यानं भरलं तर. त्यातून ह्यांनी नवी करपद्धत घेतलेली. तिथे राहत्या घराला ही वजावट नाहीच. माझ्या पगारावर कर बसत नाही, म्हणजे नुकसान असं काही नव्हतं. पण तो प्रश्न काही मनातून जाईना.

रात्री ह्यांना सांगितलं. "अगं, घर तुझंच नाही का?"

"माझंच आहे हो. कागदाला ठाऊक नाही, एवढंच."

हे नेहमीसारखे हसले नाहीत.

कर्जाचा बेत सोडला. भिशीच्या पैशांतून स्वयंपाकघराची एकच खिडकी बदलली आणि बाहेरून बांबूची चीक लावली. ऊन काचेवर पडण्याआधीच अडवलं, तर खोली कमी तापते. आतल्या पडद्याला ते साधत नाही. सूस २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आलं. सौरऊर्जा, पावसाच्या पाण्याची साठवण, गांडूळखत यांपैकी एक सोय चालू असेल तर महापालिका मिळकतकरात पाच टक्के सवलत देते, दोन असतील तर दहा. आमच्या गच्चीवरचा सौरबंब बंदच पडलेला! सोसायटीच्या सभेत पहिल्यांदाच उभी राहून मी तो विषय काढला.

परवा धाकट्या बहिणीचा फोन आला. घर घेताहेत. तिला सांगितलं, "फक्त बाईच्या नावावर घर घेतलं, तर महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. ते नाही जमलं, तर निदान दोघांच्या नावावर घ्या."

"ताई, ह्यांना काय वाटेल?"

"ते आत्ताच विचार. पुढे कुणी मालकाचं नाव विचारलं, तर माझ्यासारखं गप्प बसायला नको."